साफ केलेलं गाणं

२ ऑगस्ट
दि.च्या बँडमधला सतीश बंगळूरहून आला. नवा अल्बम येतोय, सोबत जुन्या टेपांचाही एक, दोन्ही एकाच दिवशी. जुन्यासाठी दि.च्या गाण्याची कॅसेट हवी. दि. (माझा नवरा) गेला तेव्हा बँडचं कुणी फिरकलं नाही. आता बरी आठवण झाली. चहा तेवढा दिला.

कॅसेट चुलीवरच्या शिंक्यात, बियाण्याच्या पुरचुंड्यांशेजारी. वाकलेली, धुरानं काळी. सतीश कपाळाला हात लावून बसला.
आत्ती (सासूबाई) म्हणाल्या, "उबेला ठिवली हुती की. पावसात बुरशी खाल्ली असती."

३ ऑगस्ट
आत्ती देईनात. गाणं आमच्याच सोप्यात, पुढच्या खोलीत टेप केलेलं, माझ्या लग्नाआधी. मधेच भातात गवे शिरले म्हणून आत्तींनी परसातून हाक मारली. दि.नं गिटार न थांबवता काहीतरी उत्तर दिलं, आणि आत्ती हसल्या. मायलेकांचा एकत्र आवाज तेवढाच. घरातला टेपरेकॉर्डर कधीच मोडला, त्यामुळे मी ऐकलेलं नाही.

शेवटी दिली. "माझी हाक आन त्याचा जाब तेवढा मला ऐकव. गाणं तुमचं तुमी घ्या."
"व्हय काकी, शप्पत," सतीश म्हणाला.

१७ ऑगस्ट
सतीशचा फोन. कॅसेट एकदाच चालली, मग फीत तुकडे तुकडे. "पण कॉम्प्युटरमध्ये सगळं आलंय वहिनी."
आत्तींनी पातोळ्या केल्या. दि. गेल्यापासून पहिल्यांदाच. मीही दोन जास्त खाल्ल्या.

१९ सप्टें.
दोन्ही अल्बम आले. रेंजसाठी शाळेच्या चढावर गेलो. नव्यापेक्षा जुन्याचंच कौतुक चाललंय. दि.चा आवाज इतका स्वच्छ, जणू शेजारी बसून गातोय. मला रडू आवरेना. आत्ती शेवटपर्यंत फोन कानाला धरून.
मग, "माझी हाक कुठं हाय?"
पुन्हा लावलं. नाहीच. मधे नुसती गिटार.

२० सप्टें.
सतीश म्हणतो, "कंपनीनं साफ केलं वहिनी. मधे बाहेरचा आवाज होता ना."
आत्ती म्हणजे बाहेरचा आवाज! डोकंच फिरलं माझं. ज्या घरात गाणं झालं, त्या घरची बाई बाहेरची कशी, विचारलं.
साफ न केलेली कॉपी स्टुडिओतल्या एकाकडे होती म्हणे, तो नोकरी सोडून गेलाय. "बघतो," म्हणाला. सतीशचं 'बघतो' मला माहीत आहे.

२७ सप्टें.
फोन नाही.
भाजी निवडताना सहज विचारलं, दि. तेव्हा काय म्हणाला होता?
"आलो म्हणाला." थोड्या वेळानं, "न्हाई, तसं न्हाई. चेष्टेनं काय तरी म्हणाला हुता."
आत्तींनी दोन-तीन वाक्यं म्हणून बघितली. एकही जमेना.
"तुला कधी सांगितलं हुतं का गं मी?"
नाही. हाक सांगायच्या, हसू सांगायच्या. उत्तर कधीच नाही. कॅसेट होती, लक्षात कशाला ठेवतील.
दुपारपासून पायरीवर बसल्यात, ओठ हलताहेत. जेवायला बोलावलं तर हात वर करून मला गप्प केलं.