फ्रीजच्या मागची जाळी

९ जानेवारी
पुन्हा विझला! रात्रभर वारा, आणि सकाळी फ्रीजखालची ज्योत गेलेली. दूध कोमट, माझं इन्सुलिनही कोमट. माझा नवरा, क्लेट, पोटावर पडून काड्यांवर काड्या ओढत होता. फ्रीज गॅसवरचा, खाली ज्योत पेटली तरच गार होणारा, आम्ही राहतो त्या ट्रेलरच्याच वयाचा — साठी ओलांडलेला. जूडी फोनवरून कानीकपाळी ओरडते, नवा घ्या. लेकीला सांगायला काय जातं! या वाळवंटात वीज कुठून आणू? इन्सुलिन नासलं की मी संपले.

१० जानेवारी
वारा फ्रीजमागच्या भिंतीतल्या जाळीतून शिरतो आणि ज्योत मारतो. पलीकडच्या म्हाताऱ्यांनी आपल्या जाळीवर अर्धा पुठ्ठा लावलाय. मी म्हटलं, अर्धं कशाला? क्लेट पाणी भरायला गेला तेवढ्यात चंदेरी चिकटपट्टीने अख्खी जाळी बंद केली. तीन थर! दुपारपासून ज्योत हललेली नाही. माझी मीच खूश.

१६ जानेवारी
ज्योत टिकते, पण गारवा कमी. बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलंय. थंडी फार, खिडक्या बंदच. दोघांचीही डोकी दुखतात. म्हातारपण, दुसरं काय.

२१ जानेवारी
क्लेटने बूट ओव्हनमध्ये ठेवले. विचारलं तर नुसता हसला. मग मला मेबल म्हणाला. मेबल त्याची बहीण, तिला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याच्या वडिलांचं वेडही असंच बुटांपासून सुरू झालं होतं. मी बूट काढून दारापाशी ठेवले.

२४ जानेवारी
आज क्लेट म्हणाला, "तो फ्रीज मला मारायला बसलाय, लोरीन." ओरडून नाही — अगदी शांतपणे, जसं कोणी हवापाणी सांगावं. मग खुर्ची घेऊन बाहेर गेला आणि गारठ्यात पांघरूण लपेटून बसला. आत यायलाच तयार नाही. फ्रीजला भितो! पंचेचाळीस वर्षं ट्रकांची इंजिनं खोलणारा माणूस!
मला त्याची भीती वाटली. लिहायला लाज वाटते, पण वाटली. जूडीला फोन केला.

२९ जानेवारी
जूडीने दोन दिवसांत सगळं उरकलं. डॉक्टर, युमा शहरातलं म्हाताऱ्यांचं घर, कागद. बायको म्हणून सही माझी लागत होती. क्लेट माझ्या बाहीला धरून म्हणाला, "नको करूस सही. मी बाहेर झोपत जाईन. तुला त्रास नाही देणार."
केली.

४ फेब्रुवारी
जूडी म्हणते, बाबा तिथे खूप निवळलेत, गोळ्यांचा गुण आला. इथे माझं डोकं सकाळपासून ठणकतंय. त्याच्या बाजूचं अंथरूण अजून काढलेलं नाही.

८ फेब्रुवारी
गाडीची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली. कोणी ठेवली? इथे मी एकटीच राहते!
त्याहून वाईट — सकाळी इन्सुलिन टोचलं की नाही, आठवेना. सुई हातात धरून बसून राहिले. परत घ्यावं तर जीव जायचा, न घ्यावं तरी तेच. हे नवऱ्याकडून बायकोला लागतं का? कोणाला विचारू? जूडीला कळलं तर माझेही कागद तयार होतील.

११ फेब्रुवारी
आज काय वार आहे?

१३ फेब्रुवारी
फ्रीज गार होईनासा झाला म्हणून हॉइटला बोलावलं. वाळवंटातले सगळे जुने फ्रीज तोच बघतो. बाहेर काढून दिवसभर उपडा करून ठेवू, म्हणाला. त्याचा नेहमीचा तोडगा — उलटा केला की आतल्या नळ्यांत अडकलेलं द्रव मोकळं होतं. हसतच मागच्या बाजूला गेला. मग हसणं थांबलं.
पट्टी ओरबाडल्याचा आवाज आला. आत येऊन त्याने आधी गॅस बंद केला, मग मला दंडाला धरून बाहेर काढलं. मागे सगळी काजळी साचलेली. हवा न मिळाल्यामुळे ज्योत निळीची पिवळी झालेली, आणि तिचा विषारी वायू, ज्याला वास नाही की रंग नाही, महिनाभर आत भरत होता.
"बाई, पुठ्ठा अर्धाच लावतात. अर्धा! वारा अडवायचा, श्वास नाही," तो म्हणाला. "डोकं दुखतं? विसरायला होतं?"
मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, क्लेट दिसत नाही तो?
क्लेटने तर सांगितलं होतं. माझा नवरा वेडा झालेला नव्हता, तो फ्रीज खरोखर त्याला मारत होता. आणि मी ते डॉक्टरला वेडाचा पुरावा म्हणून सांगितलं.

१४ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत मी बरी होईन. क्लेटही त्यामुळेच सुधारला, गोळ्यांमुळे नाही. जूडी फोनवर रडली. हॉइटने फ्रीज उचलून नेला. बर्फाची पेटी आणलीय. ट्रेलर धुऊन काढला, त्याचं अंथरूण उन्हात घातलं. रविवारी त्याला आणायचं!

१७ फेब्रुवारी
युमाला पोचले तेव्हा क्लेट खिडकीत वर्तमानपत्र वाचत बसला होता. मला नावाने हाक मारली. मी सगळं सांगितलं — जाळी, पट्टी, तीन थर. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग चष्मा काढला. "आता मला सगळं आठवतं, लोरीन," तो म्हणाला. "सही करताना तू माझा हात बाहीवरून कसा सोडवलास, तेसुद्धा."
गाडीत तो बसला नाही.