तीन सूत लवणारी गाडी

१२ मार्च १९६१, रविवार

आज वळली!

कापसाच्या जिनच्या कंपाउंडात, सरकीच्या गोदामापाशी काटकोन आहे, तिथं. उजवीकडे, पूर्ण वेगात, मी आत बसलेला. गेले चार रविवार त्याच जागी एकतर पलटी नाहीतर नाक भिंतीला. आज वळली अन् पुढं निघून गेली. मी एकटाच ओरडत होतो, इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू आलं असेल तर शपथ.

लिहून ठेवतो, नंतर कोणी म्हणायला नको. नकाशा माझा. सांगाडा पाण्याच्या नळाचा इंची पाइप. मागचा आस म्हणजे जुन्या मागाचा शाफ्ट, गफ्फारभाईनं आणलेला. इंजिन इंदूच्या माहेरचं, इच्छापूरचं. केळीच्या बागेत विजेची मोटर बसली तेव्हापासून पडून होतं. चाकं स्कूटरची, भंगारातली. रद्दीवाल्याकडे अमेरिकन मासिकाचं एक पान सापडलं त्यावरून हे खूळ घेतलं. पानावर एका बसक्या, उघड्या शर्यतीच्या गाडीचा फोटो होता, मापं नव्हती. मापं माझी.

गफ्फारभाई राजपुऱ्यात जॉबर आहे, बिघडलेले माग दुरुस्त करतो, गॅसचं वेल्डिंगही करतो. खाली वाकून बघत होता. "मास्तर, ये तो पूरी हिल रही है." म्हटलं, हिलू दे भो. हिलते म्हणून तर वळते.

गाडी जमिनीपासून वीतभर उंच, म्हणून गल्लीत तिला पाट म्हणतात. "मास्तर पाटावर बसून पळतोय, ताट कुठंय?" हसा लेको, हसा.

१५ मार्च

जिनच्या फाटकावर नोटीस लागली. हिंदीत. आता आपण मध्यप्रदेशात, सगळंच हिंदीत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या दिवशी कंपाउंडात गाड्यांची शर्यत. कापसाचा हंगाम तोवर संपतो, आवार मोकळं. एकूण पाच गाड्या. त्यातली एक वि.बाबूची, म्हणजे जिनच्या शेठच्या पुतण्याची, विजयबाबूची. इंजिनियरिंगची डिग्री घेऊन आलाय. नियमही त्यानंच लिहिले.

नियम चौथा: रिटायर झालेले ओव्हरसियर साहेब गाड्या तपासणार. सांगाड्यावर दोन माणसं उभी करायची. एक सुतापेक्षा जास्त लवला तर गाडी बाद.

एक सूत! इंचाचा आठवा भाग. माझी तीन सूत लवते. लवावीच लागते.

वि.बाबू वाईट माणूस नाही. नमस्कार करतो, मास्तर म्हणतो. पण माझा नकाशा पाहून काय म्हणाला? "ड्रॉइंग सुंदर आहे." ड्रॉइंग! अठरा वर्षं मी पोरांना सुरई अन् आंबा काढायला शिकवतोय. ही गाडी त्या आवारात सगळ्यांदेखत वळली तर मी आणखी काहीतरी आहे. नाही वळली तर सुरई अन् आंबा, रिटायर होईतो. एवढंच आहे माझं, अन् एवढं मी सोडणार नाही.

१९ मार्च, रविवार

चहाच्या हॉटेलात जुंपली. ओव्हरसियर साहेब म्हणे, "लोखंड लवलं की मेलं. मी पूल बांधलेत." म्हटलं, साहेब, पुलाला वळायचं नसतं.

मग राहवलं नाही. हॉटेलवाल्याच्या दोन बाजा, सुंभाच्या खाटा, पडल्या होत्या, एक नवी ताठ, एक जुनी, सांधे सैल झालेली. दोन्ही उचलून खडबडीत रस्त्यावर आणून ठेवल्या. नवीचे तीनच खूर टेकले, चौथा अधांतरी, डुगडुगायला लागली. जुनीचे चारही टेकले. म्हटलं, बसा साहेब, कोणत्या बाजेवर झोप लागेल सांगा. गाडीला स्प्रिंग नाही, जमीन सपाट नाही. गाडी ताठ केली की पुढचं एक चाक हवेत राहणार. मग हँडल फिरवा नाहीतर आरती ओवाळा, गाडी सरळच जाणार.

लोक हसले. ओ. साहेब उठून गेले, चहा अर्धा टाकून. हॉटेलवाला म्हणे, मास्तर, बाजा परत कोण ठेवील?

घरी इंदूला सांगितलं. ती हसली नाही. "अन् मोडली तर?" नाही मोडत. "तुम्ही आत असता ना."

२५ मार्च

परीक्षा. पर्यवेक्षण, पेपर, गुणपत्रकं हिंदीतून भरायची. पंधरवडा गाडीला हात लावता येणार नाही. गाडीच्या खोलीची किल्ली गफ्फारभाईकडे. ब्रेकची तार बदलून ठेवतो म्हणाला.

जाता जाता, "मास्तर, एक डंडा डाल दूँ? बीच में? बस एक." साफ नाही म्हटलं. एकदा कारखान्यात छताजवळचा मोठा शाफ्ट वाकला अन् तुटून खाली आला, ते त्यानं पाहिलंय. ते मला ठाऊक आहे. पण नाही म्हणजे नाही.

९ एप्रिल, रविवार

वळली नाही.

तोच कोपरा, तोच वेग. हँडल पूर्ण फिरवलं अन् गाडी सरळ सरकीच्या ढिगात. कोपर सोलला, शर्ट फाटला. वि.बाबूची माणसं बघत होती. कोणीतरी म्हणालं, मास्तरनं सरकी खाल्ली.

पुन्हा दोनदा. दोन्ही वेळा सरळ.

काय बदललं? चाकांत हवा तेवढीच. माणूस तोच. मग त्या दिवशी वळली ती काय देवाची कृपा?

१० एप्रिल

सगळी मापं पुन्हा काढली. पुढच्या चाकांचा कोन, आसाची उंची. एकही चूक सापडत नाही. चूक सापडत नाही ह्याचा अर्थ मला चूक ओळखता येत नाही. डिग्रीवाल्याला आली असती.

जेवलो नाही. इंदू म्हणाली, "एवढं काय त्यात, खेळणंच ना?" तिच्यावर ओरडलो. उगीच ओरडलो. तिनं तोंड फिरवून ताट झाकून ठेवलं, ते मला जास्त लागलं. तिचा तोंड फिरवायचा स्वभावच नाही.

१२ एप्रिल

माघारीची चिठ्ठी लिहिली. 'तांत्रिक कारणास्तव.' शाळेच्या लेटरहेडवर लिहिली होती, ती फाडून साध्या कागदावर लिहिली. उद्या देईन.

१३ एप्रिल

नाही दिली! देणार नाही! हरामखोर पाइप!

चिठ्ठी देण्याआधी गाडी एकदा पुसून ठेवावी म्हणून उलटी केली. सीटच्या खाली, डावीकडून उजवीकडे तिरपा, एक पाइप. माझ्या नकाशात नाही. त्यानंच गाडी ताठ झाली, वळायची थांबली. काळा रंग अजून ताजा दिसत होता. चार दिवस मी स्वतःला शिव्या देतोय अन् हा तिथं आडवा पडलेला!

गफ्फारभाईला विचारलं. मान खाली. "हाँ, मैंने डाला." का? "मेरी मर्ज़ी." अकरा वर्षांची दोस्ती, मला म्हणे मेरी मर्ज़ी. मी नको ते बोललो. तू जॉबर आहेस, जॉबरच राहशील, असं बोललो. लोक मला जे म्हणतात तेच मी त्याला म्हटलं. तो हत्यारांची पेटी उचलून निघून गेला.

१४ एप्रिल

इंदूनं विचारलं, गफ्फारभाई आज का नाही आले? सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली.

"मी सांगितलं होतं त्यांना."

काय सांगितलं होतंस?

"पाइप टाकायला. तुम्ही परीक्षेला होता तेव्हा. ते नको म्हणत होते. मी म्हटलं, मला बहीण म्हणता ना? मग टाका. अन् माझं नाव सांगू नका."

माझ्याच घरातून! मी म्हटलं, तू मला चार दिवस रडताना पाहिलंस अन् बोलली नाहीस? म्हणाली, "रडलेले चालतात. तुमची हाडं गोळा करायला मला यायचं नव्हतं." मग तीच रडायला लागली, मग मीही. पोळी करपली.

संध्याकाळी राजपुऱ्यात गेलो. गफ्फारभाई मागाखाली आडवा झोपून काम करत होता. मी म्हटलं, माफ कर. खालूनच म्हणाला, "पाना दो, बारह नंबर." दिला. झालं.

१५ एप्रिल, शनिवार

सकाळी पाइप कापला. मी करवत चालवली, इंदूनं दुसरं टोक धरलं. अगदी घट्ट धरलं.

दुपारी तपासणी. ओ. साहेबांनी जिनचे दोन हमाल उभे केले, एक पुढच्या डाव्या कोपऱ्यावर, एक मागच्या उजव्या. पट्टी लावली. तीन सूत. माझं गणित अगदी बरोबर! पहिल्यांदा आनंदच झाला, मग आठवलं की आपण नापास झालो.

त्यांनी फळ्यावर लावलेल्या यादीत माझ्या नावावर पेन्सिलीनं रेघ मारली. पेन्सिल कानाला खोचली. म्हटलं, साहेब, वळवून तरी बघा. "नियम म्हणजे नियम."

वि.बाबू बाजूला घेऊन म्हणाला, हळू, चांगल्या मनानं, "मास्तर, खरं सांगा. तुमच्या घरचं माणूस बसवाल ह्यात?"

मी गाडी ढकलत फाटकाकडे निघालो. माझ्या घरच्या माणसानंच तर तो पाइप घालून घेतला होता.

१६ एप्रिल, रविवार

वि.बाबूचा प्रश्न काल इंदूला सांगितला होता. आज सकाळी भांडी आवरून पदर खोचला अन् म्हणाली, चला, दाखवा.

चौकीदारानं फाटक उघडलं. मी, गफ्फारभाई, इंदू. आवार रिकामं. कोपऱ्यातल्या कडुलिंबाला उद्यासाठी बायकांचे झोके बांधून ठेवलेले. मी गाडीत बसायला लागलो तर म्हणाली, "तुम्ही नाही. मी."

गफ्फारभाई म्हणाला, "बहन, नहीं." ती म्हणाली, "हे इंजिन मला तुमच्याआधीपासून ओळखतं." खरंच आहे. लहानपणी बागेला पाणी द्यायला तीच ते दोरी ओढून चालू करायची. आजही दोन हिसक्यांत केलं. मला पाच लागतात.

पहिली फेरी चालत्या माणसाच्या वेगानं. दुसरी जरा जास्त. तिसरीला मी हात वर करून थांब थांब ओरडत धावलो. तेव्हा कळलं गेले दोन महिने तिला काय होत होतं. कोपरा आला. गाडी लवली, चारही चाकं जमिनीला, अन् वळली. गफ्फारभाई तोंडावर हात ठेवून उभा.

थांबली. केसांत सरकीचा कापूस. मी विचारलं, भीती वाटली? "पहिल्यांदा. मग अंगाखाली लवली, झोक्याला फांदी लवते तशी. न लवणाऱ्या फांदीला आम्ही झोका बांधत नाही." मग माझ्यावरच डाफरली, "हे मला आधी असं का नाही सांगितलं? सूत, कोन, काय काय सांगत बसता!"

बाजा उचलून अख्ख्या हॉटेलाला सांगितलं, घरात सांगायचं राहिलं. कबूल आहे.

१७ एप्रिल, सोमवार. आखाजी

सकाळ. पुरणाचा वास. पण आज घरी जेवायला वेळ मिळेल असं दिसत नाही.

गाडी दारात आहे. गफ्फारभाई ईदचा पांढरा कुर्ता घालून आलाय, अन् त्याच कुर्त्यानं चेनला तेल देतोय. इंदूनं नवं लुगडं नेसलंय, कासोटा घातलाय. गल्लीतल्या बायकांनी विचारलं, झोक्याला चाललीस? म्हणाली, हौ, जिनमध्येच.

ठरलंय असं. आधी ती बसणार, एक फेरी, सगळ्यांदेखत, ओ. साहेबांच्या समोरच्या कोपऱ्यातून. वि.बाबूच्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच. मग मी शर्यतीत उभा राहणार. गफ्फारभाई म्हणतो, "नहीं माने तो?" इंदू म्हणते, मग फाटकाबाहेरचा रस्ता काय शेठचा आहे? मी म्हणतो, मानतील का ठाऊक नाही, नाही मानले तरी गाडी ताठ होणार नाही. आज नाही, पुढच्या आखाजीलाही नाही.

अन् यादीतल्या माझ्या नावावरची रेघ पेन्सिलीची आहे. खिसा चाचपून पाहिला. ड्रॉइंग मास्तर आहे मी, रबर असतंच.

हाक मारताहेत. निघतो.