रुळांपाशी न थांबलेली बस

रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय ओरेस्ट,

तू बरा असशील. आम्ही बरे आहोत. टालियाचा ताप उतरला, खोकला अजून आहे. बीट सगळं काढून झालं. कोबी राहिलाय. काल पहाटे पानांवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर होता, तेव्हा उद्या तोही काढून टाकीन. आमच्या नवरोबांचा, वेडचा, गुडघा पुन्हा धरलाय. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणतो, आधी कापणीचं कंबाइन मशीन धुऊन आत ठेवतो, मग स्वतःचं बघतो.

इतक्या जवळ राहून मी तुला पत्र लिहितेय, याचं तुला हसू येईल. फोन करणार होते. उचलला आणि ठेवला, असं बऱ्याचदा झालं. फोन वाजेल तेव्हा तू कुठे असशील, हात कशावर असतील, सांगता येत नाही. पत्र माणूस बसून वाचतो.

शुक्रवारी जेवायला आलास ते बरं वाटलं. वेड नंतर म्हणाला, ओरेस्ट खाली मान घालूनच जेवला. त्याला वाटलं, बायकोची आठवण येत असेल. मार्लीनसारखी बटाटा भरलेली पिरोही मला जमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तू खाली मान घालून फोन बघत होतास.

"अरे ठेव की तो जरा," वेड म्हणाला. "थंड होतंय सगळं."

"रॉक्सॅन आहे. तिच्या जुळ्यांना सोमवारी बसमधून आजीकडे उतरवायचंय म्हणते."

"मग सोमवारी सांग म्हणावं."

"विसरेल ती. आणि मी लगेच उत्तर दिलं नाही तर तिला वाटेल, मी मेलो."

"मेलास तरी तू फोनवर तो अंगठा पाठवशील."

टालियासुद्धा हसली. मी बोर्शचं सूप आणायला उठले. भांडं टेबलावरच होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

निघताना तू एक बूट घालून दारात उभा राहिलास. मी विचारलं, काय रे? तू म्हणालास, काही नाही, वारा पडलाय. मग दुसरा बूट घातलास.

वारा पडला नव्हता.

आता मंगळवारचं लिहिते.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रॉक्सॅनच्या वळणापासून रेल्वेच्या रुळांपर्यंतचा रस्ता दिसतो, हे तुला माहीत आहे. मध्ये एक झाड नाही. रोज सकाळी माझे हात पाण्यात असतात तेव्हा शाळेची तुझी पिवळी बस वळणावर दिसते. ती नियमाप्रमाणे रुळांच्या पलीकडे थांबते. बसचे दिवे लुकलुकतात, दार उघडतं. आत काय होतं, ते टालियाने सांगितलंय. तू हात वर करतोस. मागच्या बाकावरची थोराड पोरंसुद्धा गप्प होतात. तू आपली खिडकीही खाली घेतोस आणि ऐकतोस, कारण पश्चिमेचा वारा असला की आगगाडीच्या भोंग्याचा आवाज उलट्या बाजूला वाहून जातो आणि तिथे ना फाटक आहे ना दिवा. मग हात खाली येतो, दार लागतं, पोरांचा गोंगाट पुन्हा सुरू. टालिया लहान होती तेव्हा खुर्च्या मांडून बस-बस खेळायची. मध्येच हात वर करायची आणि वेडला बोलणं तोडावं लागायचं. बापाला इतका वेळ गप्प बसवणारा खेळ दुसरा नव्हता.

मंगळवारी ती तापाने फणफणली होती. तिला झोपू दिलं आणि तुला मेसेज लिहिला. टालियाला ताप आहे, आज थांबू नकोस.

लिहिताना बस मला दिसत होती.

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. मला ठाऊक नव्हतं असं नाही. बस रस्त्यावर होती, चालत होती, तू चालवत होतास आणि मी ते बघत बघत लिहिलं. आम्ही सगळेच पाठवतो. शाळेच्या ऑफिसात बेव्ह याच कामाला बसलेली असते, तिच्याकडे बसशी बोलायला वायरलेस आहे. पण बेव्ह चार प्रश्न विचारते. किती ताप आहे, उद्या येणार का, सही कोण करणार. तू अंगठा पाठवतोस. रॉक्सॅन तर सगळ्यांना सांगत असते, "आधीचा ड्रायव्हर दिवसभर उत्तर द्यायचा नाही गं. ओरेस्टला टाकलं की आलंच." आणि आम्ही माना डोलावतो. कुणी कधी विचारलं नाही, लगेच म्हणजे कधी.

बस रुळांपाशी आली. वेग कमी झाला नाही. दिवे लागले नाहीत. दार उघडलं नाही. पुढची चाकं रुळांवर चढली तेव्हा माझ्या हातातला फोन वाजला. तुझा अंगठा.

मग तू आमच्या रस्त्याच्या तोंडावरून गेलास आणि नेहमीसारखा खिडकीकडे हात केलास. मीही केला.

मालगाडी त्यानंतर आली. खताची, लांबलचक. मी अजून तिथेच उभी होते, नळ चालू होता. ती मला दिसली. ऐकू आली नाही. शेवटचा डबा जाईपर्यंत मी बघत राहिले.

एक गोष्ट राहिली. बस रुळांवर होती तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, ते. टालिया आत नाही, हे आलं. रॉक्सॅनची जुळी नंतर आली, कोवाल्चुकांची चष्मेवाली मुलगी नंतर आली. तू त्याच्याही नंतर. आधी माझी पोरगी अंथरुणात आहे एवढंच आलं आणि मला बरं वाटलं. ओरेस्ट, मला खूप बरं वाटलं. काल रॉक्सॅन दुकानात भेटली. "टालिया कशी आहे गं?" म्हणाली. मी डब्यांवरच्या किमती वाचत बसले.

तेव्हापासून मी खिडकीतून हलत नाही. बुधवारी तू थांबलास. इतका वेळ थांबलास की काही बिघडलं असं वाटून मी दारापर्यंत गेले. नंतरचे दोन दिवसही थांबलास. पण आता तू थांबलास तरी मला धीर येत नाही. टालिया विचारते, "सोमवारी बसने जाऊ ना?" मी खोकल्याचं कारण पुढे करते. वेड म्हणतो, खोकल्याने कुणाची शाळा बुडत नाही. त्याला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो त्या पायाने शाळेत जाऊन उभा राहील.

बेव्हला तू सांग. तू सांगितलंस तर ती एका ड्रायव्हरची गोष्ट होईल. मी सांगितलं तर बहिणीने भावाचं नाव दिलं, एवढंच उरेल आणि रूळ बाजूला राहतील. तू या आठवड्यात गेला नाहीस तर मी जाईन. ती बस म्हणजे तुला काय आहे, ते मला कळतं. मार्लीन गेल्यावर तूच म्हणाला होतास, फोन वाजतो तेव्हा घरात कुणी आहे असं वाटतं. म्हणून मी आजवर काही बोलले नाही. म्हणूनच आणखीही मेसेज पाठवत राहिले असेन, काम नसतानाही.

उद्या टालियाला मी स्वतः सोडणार आहे.

मेसेज पाठवणारी,
तुझी लेशा

—

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

प्रिय लेशा,

पत्र बुधवारी मिळालं. टेबलाशी बसून वाचलं. टालिया शाळेत दिसली, रंग आलाय तोंडावर. कोबी काढलास का? इथे माझा अर्धा गोठून गेला.

एक बूट घालून दारात उभा होतो तेव्हा मला तुला विचारायचं होतं, मंगळवारी मी थांबलो होतो का? तुझी खिडकी तिकडेच आहे, तुला माहीत असेल, असं वाटलं. तू काय रे म्हणालीस आणि मला उत्तराची भीती वाटली.

मला आठवत नाही, लेशा. रॉक्सॅनचं वळण आठवतं, जुळी एका जागेवरून भांडत होती ते आठवतं. तुझी खिडकी आठवते, तुझा हात आठवतो. मधलं काही नाही. अंगठा पाठवल्याचंही आठवत नाही. फोनमध्ये बघितला तेव्हा कळलं.

त्या मंगळवारी शाळेत उतरताना कोवाल्चुकांची चष्मेवाली पायरीवर थांबली.

"काका, आज आपण गप्प नाही बसलो."

"कधी?"

"रुळांपाशी."

"बसलो होतो गं. तू खेळत होतीस."

तिने चष्मा वर सरकवला. मग म्हणाली, "बरं." आणि गेली. त्या पोरीला मी खोटं पाडलं. तिने ऐकून घेतलं, कारण मोठ्या माणसाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, थांबलो, दार उघडलं, हात वर केला. सगळी गप्प. वाऱ्याखेरीज काही नव्हतं. पण माझा पाय ब्रेकवरून निघेना. वाटलं, काहीतरी येतंय आणि मलाच ते ऐकू येत नाही. डावीकडे बघितलं की उजवीकडून येईल असं वाटायचं. हात वर होता म्हणून पोरं बोलेनात. शेवटी जुळ्यांतला एक म्हणाला, "काका, हात खाली करायचा विसरलात का?" मागे हशा पिकला. मी रूळ ओलांडले. शर्ट पाठीला चिकटला होता.

सोमवारी, तुझं पत्र येण्याआधीच, मी फोन घरी ठेवून निघालो होतो. मनाशी म्हटलं, संपलं. रुळांच्या जरा अलीकडे खिशात थरथर झाली. मी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. बस चालत होती. खिशातून हात काढला तेव्हा रूळ समोर होते आणि मी ब्रेक इतक्या जोरात मारला की मागे दप्तरं पडली.

फोन नव्हता, तरी हे झालं. पत्र वाचण्याआधीच मला कळलं होतं, काय करायचं ते. तुझ्या पत्राने फक्त पुढे ढकलायला जागा ठेवली नाही.

काल बेव्हकडे गेलो.

"मागच्या आठवड्यात मंगळवारी मी रुळांपाशी थांबलो नाही," मी म्हणालो.

"काही झालं?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?" असं म्हणून ती उठली आणि तिने दार लावून घेतलं. "हे बघ ओरेस्ट, मला ड्रायव्हर मिळत नाही. तू हे बोललास असं मी लिहिलं तर तुझी बस उद्यापासून बंद. नाही लिहिलं तर तू नेहमीसारखा ये, फोन बसमधल्या पेटीत टाकत जा आणि आपण दोघंही विसरून जाऊ. तू सांग. लिहू?"

खिडकीतून बस दिसत होती. मी ती सकाळीच धुतली होती.

"लिही," मी म्हणालो.

तिने लिहिलं. मग म्हणाली, "सगळा रस्ता शिव्या घालणार आहे तुला."

आज शाळेला सुट्टी होती म्हणून अजून फार कुणाला कळलेलं नाही. रॉक्सॅनला कळलं. तिचा फोन आला.

"अरे असं काय करतोस! माझी सकाळची ड्युटी असते. सोमवारी मी पोरांना कशी सोडू?"

"गाडीने सोड."

"तेच करावं लागणार. थांब, आत्ता निघालेय, गाडीतूनच करते फोन, सविस्तर बोलू."

"गाडीतून करू नकोस, रॉक्सॅन."

"स्पीकरवर असतो रे!"

तिने गाडीतून केला. मी उचलला नाही. वाजत राहिला.

मला वाटलं होतं, बसची किल्ली दिली की भीती जाईल. ती गेली नाही, फक्त जागा बदलली. आजवर सकाळी एक बस रूळ ओलांडायची. सोमवारी रॉक्सॅनची गाडी येईल, कोवाल्चुकांचा पिकअप येईल, पलीकडच्या आणखी चार घरांतली माणसं येतील. उशीर झालेली, वैतागलेली, मागे पोरं आणि हाताशी फोन. त्यांना तिथे थांबायचा नियम नाही. पोरांना गप्प बसवायची त्यांना सवय नाही. मी बस सोडली ते बरोबर केलं, हे मला माहीत आहे. त्याने त्या पोरांचं भलं झालं की नाही, ते मला माहीत नाही. रात्रीपासून मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगायचं ठरवतोय. उद्या सकाळी सुरुवात करीन. जो थांबायला विसरला तोच थांबा म्हणून सांगत आला, असं म्हणतील. म्हणू देत. काही जण दार लावून घेतील.

तुझ्याकडे एक मागणं आहे. सोमवारी सकाळी तू खिडकीत असशीलच. वळणावर गाड्या दिसू लागतील. त्या वेळी कुणाला काही सांगायचं आठवलं, टालियाचं, कोबीचं, काहीही, तरी फोनला हात लावू नकोस. शेवटची गाडी रूळ ओलांडून तुझ्या बाजूला येईपर्यंत नुसती बघत राहा.

अजून घाबरलेला,
तुझा ओरेस्ट