बुचाची साल

केदारखेडा, मंगळवार

प्रिय जान्हवी,

दूधवाला पुंजाराम जालन्याला निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. तुझ्या लग्नापासून तू माझा फोन उचलत नाहीस. त्यावर नंतर बोलू. आधी हे वाच.

सकाळी राजूरच्या गणपतीहून परतले, तर अंगणातलं बुचाचं झाड कमरेएवढ्या उंचीवर सोललेलं. वीतभर पट्टा, चहूबाजूंनी, पार पांढऱ्या लाकडापर्यंत. शेजारी गेरूचं डबडं घेऊन तुझे कारभारीकाका उभे, मोठी कामगिरी केल्यासारखे. वाळवी चढली म्हणून खरवडलं म्हणे. वर मलाच धीर देतात, "घाबरू नका वैनी, खपली धरंल. बैलाच्या खांद्याला धरती, मंग झाडाला न्हाई का धरणार?"

बिलकुल धरणार नाही! बैलाच्या पेशीला भिंत नसते, नुसतं मऊ आवरण. कातडं सोललं तर कडेच्या जिवंत पेशी सरकतात, वाढतात, जखम भरते. बुचाची, म्हणजे सालीच्या बाहेरच्या थराची, पेशी मरते तेव्हाच कामाला लागते. आत नुसती हवा, भोवती मेणचट जाड भिंत, जागची हलत नाही. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली तुझ्याच गालाच्या पेशी आणि याच झाडाचं बूच तुला दाखवलं होतं. ती रिकामी घरं बघून तू विचारलंस, मेलेल्या पेशी झाड ठेवतं कशाला? पहाऱ्याला, मी म्हणाले होते. नुसतं बूच गेलं असतं तर खालच्या जिवंत थरातून नवं आलं असतं. काकांनी तो थरही काढला. आता पानांतलं अन्न मुळांना पोचायचं नाही. पानं अजून हिरवीगार आहेत, त्याचीच मला धडकी भरली आहे. तुझ्या बारशाला बाबांनी लावलेलं झाड उभ्याउभ्या उपाशी मरणार.

सोललेल्या पट्ट्यावर खालच्या सालीपासून वरच्या सालीपर्यंत फांद्यांचे पूल जोडतात, हे मी पुस्तकात वाचलंय. केलेलं नाही. तू रोज मोसंबीच्या रोपांना कलमाचे डोळे भरतेस, तुझा हात बसलेला आहे. जगेल याची खात्री मी देत नाही. त्याच झाडाच्या बोटाएवढ्या फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्यात, जखमेवरही ओलं फडकं आहे. कलमाचा चाकू घेऊन उद्या पहिल्या गाडीने ये. फांद्या धरायला आणखी दोन हात लागतील आणि काकांना मी झाडाजवळ फिरकू देणार नाही. तुझ्या नवऱ्याला, अंगदरावांना घेऊन ये. या घराचा उंबरठा मी त्यांना कधी ओलांडू दिला नाही. उद्या दार उघडं असेल.

झाडापाशी बसलेली,
तुझीच आई