शेवंतीची हमी

देवबाग, बुधवार, डिसेंबर १९६६

मी इथली शाळामास्तरीण, कॉलेजने नेमलेल्या गावकऱ्यांच्या मंडळावर जायला हो कशाला म्हटलं? गावातली पहिली मुलगी कॉलेजात जावी म्हणून शेवंतीची हमी मीच घेतली, रोज दिवेलागणीआधी घरी येईल म्हणून. आज कॉलेजकडून येणारी शेवटची होडी आली, तीत ती नव्हती. तिचा बाप माझ्या पडवीत कंदील घेऊन बसला, न पेटवताच. "बाई, तुमी सांगितल्यात म्हणान धाडलंय," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. कंदील का पेटवत नव्हता? पेटवला की रात्र झाली, म्हणून?

शेवटी ती किनाऱ्याकिनाऱ्याने, वाळूतून चालत आली, चपला हातात, हसत. "नाटकाची तालीम लांबली, बाई. उद्यापण आसा!"

बाप उठला. जाताना कंदील मात्र माझ्याच पडवीत ठेवून गेला. उद्यासाठी.