यानाला दिलेला आवाज

४ मार्च
आजपासून मी यान झाले! ‘परतीचं यान’ ही मालिका मी शाळेत असल्यापासून बघतेय. नट किती आले न् गेले, यानाचा तो गोड बायकी आवाज मात्र कायम. तो आता मी द्यायचा. आतून यान बघून हसू आवरेना: भिंती म्हणजे रंगवलेले अंड्यांचे ट्रे, खिडकी म्हणजे वॉशिंग मशीनचं दार. ध्वनिमुद्रण करणारे काका पहिल्या भागापासून इथे आहेत. त्यांनी जुन्या गमती सांगितल्या. चित्रीकरणात कप्तानाची दाढी गळून पडली, तेव्हा लेखकानं म्हणे ‘या ग्रहावर दाढी टिकत नाही’ असं दडपून लिहून टाकलं. घरी खारू सगळ्यांना सांगत सुटलीय की आमची आई आता आकाशात जाते.

५ मार्च
इथली पद्धत निराळी. संवाद मिळतच नाहीत. आधी साठा करायचा, म्हणजे सुटे शब्द एकेक करून बोलायचे. मग काका ते जोडून यानाला बोलतं करतात. लेखकानं आयत्या वेळी काही बदललं तरी अडत नाही. दिवसभर काचेच्या खोलीत शब्द बोलले. सुट्टीत चहा देणाऱ्या मुक्या मावशीनं एकदम माझ्या तोंडावर हात दाबला. मी दचकलेच. काका म्हणाले, तिचं मनावर घेऊ नकोस.

९ मार्च
जेवताना पाणी मागायला गेले, तर शब्दच बाहेर पडेना. खुणेनं मागितलं. सासूबाई म्हणाल्या, पगाराआधीच बाईसाहेब शब्द जपून वापरायला लागल्या. मीही हसले. घसा बसला असेल.

१३ मार्च
डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. पण ‘दार’ गेलं, ‘भूक’ गेली, ‘थांब’ गेलं. लिहिता येतात, बोलता येत नाहीत. सगळे साठ्यातलेच शब्द. भीती वाटते, पण नोकरी हातची घालवायची नाही.
पुढच्या भागात यान एका हरवलेल्या मुलीला हाक मारतं. काकांनी एकच शब्द मागितला: सुचेल ते मुलीचं नाव, जीव ओतून म्हणायचं. मी डोळे मिटले आणि तोंडून निघालं, ‘खारू’. काका खूश झाले.

१४ मार्च
सकाळी लेकीला उठवायला वाकले. नाव आलं नाही. ती म्हणाली, “आई, हाक मार ना.” तिला पोटाशी धरून रडले.

१५ मार्च
मावशीला गाठलं. तिनं काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. ही जन्माची मुकी नव्हे. माझ्याआधीचा आवाज हिचा.
चिठ्ठी लिहून काकांकडे शब्द परत मागितले. ते शांतपणे म्हणाले, “यान घेतं ते परत देत नाही, पोरी. त्याला अजून पुष्कळ बोलायचंय.”

१८ मार्च
भाग लागलाय. यान माझ्या आवाजात खारूला हाक मारतंय. ती पडद्याला म्हणाली, “आले आई.” मी तिच्या मागेच उभी —

टीव्ही बंद केला. हाक थांबत नाही. आता दाराबाहेरून —

खारूनं चपला घातल्या. मी दाराला पाठ लावून बसलेय, एका हातानं तिला धरलंय. सासूबाई बाजारातून आल्या की त्यांना कळावं, म्हणून लिहितेय. ती ओरबाडतेय. म्हणते, “सोड मला, माझी आई बोलावतेय.”

‘आई’ हा शब्द मी साठ्यात दिलेला नाही. तेवढा एक उरलाय. छातीवर हात ठेवून म्हणाले — आई. ती थबकली. माझ्याकडे वळली —

बाहेरही शांत झालं. मग बाहेरून माझ्याच आवाजात आलं — आई. आता माझ्या तोंडून तोही —

तिचा हात सुट