पोळ्याच्या दिवशीचं ग्रहण

ता. २ ऑगस्ट १९३३, बुधवार

पोळ्यालाच ग्रहण! पंचांग दोनदा वाचलं — श्रावण अमावास्या, सोमवार, सूर्यग्रहण, सकाळचं. आपल्याकडे खंडग्रास. उत्तरेकडे म्हणे सूर्याचं नुसतं कंकण उरणार. त्यानंतर एकदम पौष पौर्णिमेला चंद्राचं, तेही चिमूटभर. आत्याबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई. त्यांना अक्षरओळख नाही, म्हणून ग्रहणं दरवर्षी मीच वाचून दाखवते. चौथी शिकलेली सून दुसरी आहे कुठे या आळीत!

ऐकून म्हणाल्या, "बरं झालं. आता माह्यानं पान्यात उभं राहवत नाई. ह्या गिऱ्हानाले मंतर सुनेले देऊन टाकीन."

विंचवाचा मंत्र! साऱ्या राजापेठेत विंचू उतरवणाऱ्या त्या एकट्या. ग्रहण लागलं की कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तो जागवावा लागतो, नाहीतर शिळा होतो. दुसऱ्याला द्यायचा तर तोही तेव्हाच, पाण्यात, कानात. कोणत्या सुनेला ते बोलल्या नाहीत. बोलायचं काय त्यात? थोरली मी.

ता. ५ ऑगस्ट, शनिवार

राखी. शकुन सकाळपासून आत्याबाईंचे पाय चेपत बसलेली. शकुन म्हणजे माझी जाऊ, धाकल्या भाऊजींची बायको. वाडीतली वांगी तोडायची होती, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या होत्या, बाजारची गाडी दारात उभी. सगळं मी केलं. वरून आमची लेक मैना पायात. आणि ही तेलाची वाटी घेऊन बसली! ज्याला मूल ना बाळ, त्याला पाय चेपायला वेळच वेळ.

असं लिहू नये. पण लिहिलं.

ता. ९ ऑगस्ट, बुधवार

तिवश्याचा एक गाडीवान कडबा उतरवताना विंचू चावून आला. केवढा धिप्पाड माणूस, लहान लेकरासारखा रडत होता. आत्याबाईंनी कडुलिंबाची डहाळी घेतली, ओठातल्या ओठात पुटपुटल्या, खांद्यापासून खाली झाडत आणलं. कळ कोपरात आली, मग मनगटात, मग बोटात. तो उठून त्यांच्या पायाच पडला. त्या काही घेत नाहीत कुणाकडून, पाणीसुद्धा नाही.

माझे बाबा म्हणायचे, हे सगळं थोतांड, कळ आपोआप उतरते. असेल थोतांड. पण मला हवं आहे! आत्याबाई निघाल्या की माणसं बाजूला होऊन वाट देतात. मी निघाले की म्हणतात, वांगी कशी देली वं बाई? एकदा तरी कुणी धावत येऊन माझं नाव घेऊन हाक मारावी.

ता. १३ ऑगस्ट, रविवार

धाकलीला!

भाकरी वाढता वाढता सहज सांगितलं, "मंतर शकुनले देईन." माझ्या हातातलं कालवण सांडलं. विचारलं, काहून? मी थोरली नाही का? माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू लिवतं वं. लिवला का मंतर मेला."

हे काय कारण झालं? ग्रहण कधी ते वाचायला माझी अक्षरं चालतात! ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मायच्या मनात आलं ते खरं. तू कायले जीव जाळून राहिली?" जाळतेच आहे. अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

ता. १४ ऑगस्ट

आजपासून लिहिणं बंद.

ता. १६ ऑगस्ट, बुधवार

आत्याबाईंना सांगितलं, मी आता लिहीत नाही, सोडलं. त्या हसल्या. "बोटाले शाई हाय तुह्या," म्हणाल्या. मेलं हे बोट!

शकुनला परसात गाठलं. म्हटलं, नको म्हणून सांग ना त्यांना, तुला कुठे हवा आहे? ती म्हणाली, "आत्याबाईले नाई मनता येत मले." साळसूद! खाली मान घालून सगळं पदरात पाडून घ्यायचं.

ता. २० ऑगस्ट, रविवार

आज बैलांची खांदमळणी. मोटेचे दोन्ही बैल धुतले, ह्यांनी खांद्याला हळद-लोणी चोळलं, कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलांना दोघांनाही सारखं आवतण. आमच्याच घरात एकीला आहे आणि एकीला नाही.

रात्रीपासून वेध. पुरण उद्या ग्रहण सुटल्यावर शिजायचं. आत्याबाईंनी तीनदा विचारलं, "सांग वं, कवा लागते?" मी तीनदा नीट सांगितलं. आणि मनात आलं — आभाळ आठ दिवस गच्च आहे. सूर्य दिसणार नाही. ह्यांचं घड्याळ माझ्या हाती, पंचांग माझ्या हाती. उद्या मी बोललेच नाही तर? ग्रहण येईल आणि निघून जाईल. मग पौषापर्यंत कोण कुणाला देतं ते बघू.

ता. २१ ऑगस्ट, पोळा

सगळं लिहिते, आज झोप येणार नाही.

सकाळी आभाळ तसंच. आत्याबाई अंघोळ करून, ओलेत्यानंच ओसरीवर बसलेल्या. शकुन शेजारी. "लागलं का वं?" मी घड्याळात पाहिलं. लागलं होतं, बराच वेळ झाला होता. म्हटलं, अजून नाही. तोंडातून गेलं! शब्दही सरळ आले. मैना भूक भूक करत होती, तिला उगाच दोन धपाटे घातले.

माझी हुशारी किती वेळ टिकणार! गल्लीतून दान मागणाऱ्या बायांची आरोळी आली, "दे दान, सुटे गिऱ्हान!" त्या बायांना कुणी पंचांग वाचून दाखवलं होतं? त्याच वेळी ढग फाटला. सूर्य अर्ध्याहून जास्त खाल्लेला, चतकोर भाकरीसारखा. ऊन पिवळं, आजारी. बैलसुद्धा गप्प उभे. आत्याबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. शकुनचा हात धरला आणि नाल्याच्या डोहाकडे निघाल्या.

मी मागे गेले. कुणी बोलावलं नव्हतं. बाभळीआड उभी राहिले. दोघी कमरेइतक्या पाण्यात. आत्याबाईंनी शकुनच्या कानाला तोंड लावलं. केवढा मोठा मंत्र तो! संपेचना. मग शकुन रडायला लागली. हुंदके देऊन. आत्याबाईंनी तिला छातीशी धरलं, पाण्यातच, आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सात वर्षं झाली मला या घरात येऊन. मला एकदाही असं धरलं नाही. मंत्र नाही मिळाला ते एक वेळ सोसेन. हे नाही सोसवत. मी जळते तिच्यावर, लिहून ठेवते, जळते!

संध्याकाळी बैल सजले, पोळ्याचं तोरण तुटलं, पुरणपोळ्या झाल्या. मी लाटल्या. शकुनला आत्याबाईंनी निजायला पाठवलं, "दमली असंन" म्हणून. मी नाही दमले वाटतं!

ता. ४ सप्टेंबर, सोमवार

दारात हाक आली, "धाकल्या बाई हायत का? इच्चू चावला!" तिला डहाळी मीच आणून दिली.

ता. १० सप्टेंबर

उतरवला म्हणे तिनं. पुन्हा एक. बायका तिला आता वाट देतात. ती मात्र मान वर करत नाही, कुणाच्या घरी थांबत नाही. नखरे.

ता. १७ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीची झाडलोट. सरपणाची रास हलवत होते, मैनेनं खाली हात घातला. किंकाळी! लाल विंचू. तिचा हात धरून मी नुसती ओरडत सुटले. दवाखाना कुठे, हे कुठे, काही सुचेना. तोंडातून एकच निघालं, "शकुन!"

ती हातातलं टाकून आली. मैनेला मांडीवर घेतलं. किती वेळ झाडत होती, पुटपुटत होती, घामानं न्हाली होती. लेकराचे हातपाय गार पडत चालले होते. मग हळूहळू ऊब आली, रडणं कमी झालं. संध्याकाळी मैना पाणी प्यायली. ह्यांनी तरी डॉक्टरला आणलंच. त्यांनी बघून सांगितलं, धोका टळला.

मी पाया पडायला हवं होतं तिच्या. पण मैनेनं डोळे उघडले आणि हाक मारली, "काकू." आई नाही, काकू! आणि माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, "तुझं बाई नशीबच थोर. मंत्र तुला, मान तुला, आता माझी लेकही तुलाच घे."

शकुननं मैनेला माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठून गेली. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मोठी, तुह्यासारखी आंधळी मी नाई पाह्यली." आणि डोळ्याला पदर लावला.

ता. १८ ऑक्टोबर, बुधवार

करंज्या करताना मीच बोलले. म्हटलं, चुकलं माझं.

शकुन म्हणाली, "जाऊबाई, हा मंतर पोटच्याले लागत नाई. ज्याच्यापाशी मंतर, त्याच्या लेकराचा इच्चू त्याले उतरवता येत नाई. आत्याबाईचा पह्यला पोरगा तसाच गेला, त्याइच्याच मांडीवर. तापानं गेला मनून सांगतेत. तुमाले मैना हाय, मनून तुमाले नाई देल्ला."

मी विचारलं, आणि तुला?

ती करंजीची कड दाबत राहिली. "पान्यात कानात तेच सांगत होत्या. मनल्या, शकुन, लय देव केले, लय औषदं केली. तुले आता लेकरू होत नाई, माय. तूच घे."

शकुन बावीस वर्षांची आहे.